वाळूचे वरंबे आणि खाजणे : गोदावरी-कृष्णेच्या मुखाशी भूमी कशी जन्मली

गोदावरी नदी सह्याद्रीत त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटरांवर आहे. परंतु दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे ती या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा हीही सुमारे १,४०० किलोमीटर चालून त्याच उपसागरास जाऊन मिळते. आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर या दोन नद्यांची मुखे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांनी आणलेल्या गाळाचे दोन विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश एकमेकांस जवळजवळ भिडले आहेत. आज तेथे भाताची शेते आहेत, नारळाच्या बागा आहेत, दाट वस्तीची गावे आहेत. सात हजार वर्षांपूर्वी यांतील बराच भाग समुद्राखाली होता.

ही भूमी कोणत्याही भूकंपाने वर उचलली गेली नाही किंवा ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झाली नाही. नदीने कण आणले, लाटांनी ते रचले, वाऱ्याने त्यांवर भर घातली आणि वनस्पतींनी ते बांधून ठेवले. शेतकरी जसा शेतात सरी आणि वरंबा काढतो, तशाच सऱ्या आणि वरंबे समुद्राने येथे एकापुढे एक काढले आहेत. फरक एवढाच की, समुद्राच्या या शेतातील एकेक वरंबा कित्येक किलोमीटर लांब असतो आणि तो तयार होण्यास अनेक दशके, कधी शतकेही लागतात. भूशास्त्रज्ञ त्यांना पुळणीचे वरंबे म्हणतात. त्यांच्या मधल्या सखल सऱ्यांतून पाणी साचून दलदली आणि खाजणे तयार होतात. या वरंब्यांचा आणि दलदलींचा अभ्यास म्हणजे किनाऱ्याचा इतिहास वाचण्याची एक रीतच होय.

नदीची शिदोरी

गोदावरीचे पाणलोट क्षेत्र ३,१२,८१२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा. कृष्णेचे क्षेत्र २,५८,९४८ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या विस्तीर्ण मुलखावर पडणारा पाऊस ओढ्यानाल्यांतून वाहताना आपल्याबरोबर माती घेऊन येतो.

ही माती एका जातीची नसते. पश्चिमेकडील भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. तो झिजून जी काळी चिकणमाती होते, ती इतकी सूक्ष्म असते की पुराच्या पाण्यात तरंगतच राहते. पूर्वेकडे प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या उपनद्या अतिप्राचीन स्फटिकी खडकांच्या प्रदेशातून येतात. त्या खडकांतून गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची, भरड व टणक वाळू निघते. तिच्यात तांबूस गार्नेट आणि काळे इल्मेनाइट यांचेही कण असतात.

पापिकोंडा टेकड्यांतील अरुंद घळीतून बाहेर पडल्यावर गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली धवलेश्वरम येथे सपाटीवर येते. येथून तिचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो आणि ती गौतमी व वसिष्ठा या मुख्य शाखांत विभागते. उतार कमी झाला की प्रवाहाचा वेग मंदावतो आणि नदी आपले ओझे खाली टाकू लागते. जड वाळू मुखाजवळच पडते; हलकी चिकणमाती दूरवर जाऊन शांत पाण्यात स्थिरावते. पुढे जी दोन प्रकारची भूमी घडते तिचे बीज या निवडीतच आहे. वाळूपासून वरंबे होतात आणि चिखलापासून खाजणे.

समुद्र थांबला तेव्हा

गाळ मुबलक असला तरी तेवढ्याने किनारा पुढे सरकत नाही. समुद्राची पातळीही स्थिर असावी लागते. आजपासून सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरील पाण्याचा फार मोठा साठा उत्तर अमेरिका व युरोप यांवरील हिमस्तरांत अडकून पडला होता. त्या वेळी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. भारताच्या किनाऱ्यालगतचा आज बुडालेला उथळ तळ तेव्हा कोरडी जमीन होता आणि नद्या त्यावरून वाहत जाऊन बऱ्याच दूरवर समुद्रास मिळत होत्या.

नंतर हवामान उबदार झाले, हिमस्तर वितळू लागले आणि समुद्र हजारो वर्षे चढत राहिला. पाणी वेगाने चढत असता नदीने आणलेला गाळ भूमी वाढविण्यास पुरा पडत नव्हता. आज टाकलेली वाळू उद्या पाण्याखाली जाई आणि किनारा मागे मागे सरत राही. सात-साडेसात हजार वर्षांपूर्वी ही चढण मंदावली आणि पुढे पातळी आजच्या जवळपास येऊन ठेपली. तेव्हापासून नदीचे पारडे जड झाले. डॅनिएल स्टॅन्ली आणि अँड्र्यू वॉर्न या भूशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, जगातील बहुतेक मोठ्या त्रिभुज प्रदेशांची वाढ ८,५०० ते ६,५०० वर्षांपूर्वीच्या काळात सुरू झाली. नाईल असो, मिसिसिपी असो वा गोदावरी, सर्वांना संधी मिळाली ती समुद्राचा चढ मंदावल्यामुळेच.

वरंबा कसा बनतो

पुळणीवर उभे राहून पाहिले असता दिसते की, लाट फुटून वाळूवर वर चढते तेव्हा तिचे पाणी जोरात असते. परत उतरते तेव्हा त्यातील काही पाणी वाळूत जिरलेले असते आणि उरलेल्याचा जोर कमी झालेला असतो. म्हणून लाट जेवढी वाळू वर नेते तेवढी सगळी परत नेत नाही. शांत ऋतूत हा फरक दिवसेंदिवस साठत जातो आणि भरतीच्या रेषेजवळ वाळूचा एक लांबट उंचवटा तयार होतो. वादळी लाटा या उंचवट्याचा काही भाग ओढून नेतात. पण ज्या लाटा माथ्यावरून पलीकडे जातात त्या आपल्याबरोबरची वाळू तेथेच टाकतात आणि उंचवटा आणखी उंच होतो.

लाटा बहुधा किनाऱ्यावर तिरप्या येऊन आदळतात. त्यामुळे वाळूचे कण नागमोडी वाटेने किनाऱ्याला समांतर पुढे पुढे सरकत राहतात. आंध्रच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात हा ओघ ईशान्येकडे असतो, तर ईशान्य वाऱ्यांच्या काळात उलट. वर्षाचा जमाखर्च मांडता ईशान्येकडचा ओघ अधिक भरतो. नदीच्या मुखाशी पडलेली वाळू अशा रीतीने दूरवर पसरते. काकीनाडा उपसागरापुढे उभा असलेला सुमारे १६ किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा, ज्याला होप बेट म्हणतात, तो याच ओघाने गेल्या दोनएकशे वर्षांत घडविला आहे.

उंचवटा भरतीच्या पाण्याबाहेर राहू लागला की त्यावर वनस्पती येतात. त्यांत अग्रमान मर्यादवेलीचा. खारी हवा, तापलेली वाळू आणि गोड्या पाण्याचा तुटवडा हे सर्व सोसून ही वेल वाळूवर आडवी पसरते आणि पेरापेराला मुळे धरते. मराठीत तिला मिळालेले नाव मोठे अन्वर्थक आहे, कारण समुद्राची मर्यादा जणू तीच आखते. तिच्या पानांत अडून वाऱ्याने आलेली वाळू साचते आणि उंचवट्याचा टिकाऊ वरंबा होतो. दरम्यान नदी नवी वाळू आणीतच असते. त्या वाळूचा दुसरा उंचवटा पहिल्याच्या पुढे, समुद्राच्या बाजूस, तयार होतो. पहिला वरंबा आता लाटांपासून दूर पडतो आणि त्याची वाढ थांबते. एकामागून एक असे वरंबे जुळत जातात व प्रत्येक वरंबा आपापल्या काळच्या किनारपट्टीची रेषा जपून ठेवतो.

सऱ्यांतील जीवन

दोन वरंब्यांमधील सखल पट्टीत प्रथम भरतीचे पाणी खाड्यांतून येत असते. येथे लाटांचा मारा नसल्यामुळे पाण्यातील सूक्ष्म चिखल शांतपणे तळाशी बसतो. चिखल पुरेसा साचला की तिवरांसारखी खारफुटी झाडे रुजतात. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवराची श्वसनमुळे खुंट्यांसारखी जमिनीतून वर येतात. या खुंट्यांच्या जाळ्यात पाण्याचा वेग आणखी मंदावतो, अधिक चिखल अडतो आणि तळ उंचावत जातो. चिखलामुळे झाड वाढते आणि झाडामुळे पुन्हा चिखल वाढतो. गौतमीच्या मुखाजवळील कोरिंगा येथे हे कार्य आजही चालू असलेले दिसते. तेथील सुमारे २३५ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र १९७८ मध्ये अभयारण्य म्हणून राखण्यात आले.

समोर आणखी वरंबे उभे राहिले की भरतीची वाट बंद होते. पावसाच्या पाण्याने खारटपणा हळूहळू धुपून जातो, खारफुटीच्या जागी लव्हाळे व पाणकणीस येतात आणि खाजणाची गोड्या पाण्याची दलदल होते. तिच्या तळाशी कुजलेल्या पानांचे, मुळांचे व शिंपल्यांचे थर साठत राहतात. वाळूच्या वरंब्यात किनाऱ्याची जागा नोंदलेली असते, तर दलदलीच्या थरांत त्या त्या काळच्या पाण्याची व वनस्पतींची नोंद असते. म्हणून शास्त्रज्ञ दोन्ही ठिकाणी नळ्या खोल रोवून मातीचे नमुने काढतात.

वय कसे कळते?

अशा नमुन्यांचे वय ठरविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली किरणोत्सर्गी कार्बनाची. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी ती १९४० नंतरच्या दशकात शोधून काढली व तीसाठी त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. सजीव प्राणी व वनस्पती हयात असेपर्यंत त्यांच्या शरीरात कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण टिकून राहते. मृत्यूनंतर नवा पुरवठा थांबतो आणि असलेला कार्बन-१४ घटत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. शिंपल्यात किंवा लाकडाच्या तुकड्यात तो किती शिल्लक आहे हे मोजले की मृत्यूचा काळ सांगता येतो.

दुसऱ्या पद्धतीत खुद्द वाळूच्या कणालाच प्रश्न विचारला जातो. गाडल्या गेलेल्या क्वार्ट्झच्या कणात भोवतालच्या मातीतील मंद किरणोत्सर्गामुळे ऊर्जा साठत जाते. सूर्यप्रकाश लागताच ही ऊर्जा निघून जाते व हिशेब पुन्हा शून्यावर येतो. अंधारात काढलेल्या नमुन्यावर प्रयोगशाळेत विशिष्ट प्रकाश टाकला असता तो कण क्षीणपणे उजळतो. त्या उजेडाच्या मोजमापावरून त्याने शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पाहिला, म्हणजेच तो वरंब्यात केव्हा गाडला गेला, हे काढता येते.

विशाखापट्टणम येथील आंध्र विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून व उपग्रहांवरून घेतलेली छायाचित्रे आणि अशी वयमापने यांची सांगड घातली. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात त्यांना प्राचीन किनाऱ्यांच्या अनेक रेषा आढळल्या. त्यांतील सर्वांत आतली आजच्या समुद्रापासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर आहे. सहा हजार वर्षांत ३५ किलोमीटर, म्हणजे वर्षाला सरासरी सहा मीटरांच्या आसपास भूमी पुढे सरकली. अर्थात ही केवळ सरासरी होय. वरंब्यांच्या रेषा पाहिल्यास कोठे त्या दाट आहेत तर कोठे विरळ. कोठे एक रेषा दुसरीला मध्येच छेदून जाते. नदीने मुख बदलले की जुन्या मुखाचा पुरवठा तुटतो, लाटा तेथील वरंबे खाऊ लागतात आणि नव्या मुखाशी नवे वरंबे उभे राहतात. छेदलेल्या रेषा ही अशा स्थित्यंतरांची साक्ष आहे.

उपसागराचे सरोवर झाले

या सर्व घडामोडींचे सर्वांत मोठे स्मारक म्हणजे कोल्लेरू सरोवर. गोदावरी व कृष्णा यांचे त्रिभुज प्रदेश दोन बाजूंनी समुद्रात पुढे सरकत असता मधला भाग मागे राहिला. तेथे समुद्राची एक खोलगट उरली. पुढे तिच्या तोंडाशी वाळूचे वरंबे उभे राहिले आणि तिचे खारकच्छ झाले. वरंब्यांची रांग वाढत गेली तसे समुद्राचे पाणी येणे थांबले. बुडमेरू, तम्मिलेरू इत्यादी ओढ्यांच्या पाण्याने खारकच्छाचे गोड्या पाण्याचे उथळ सरोवर बनले. आज ते समुद्रापासून बरेच आत आहे आणि उप्पुटेरू नावाच्या सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या वळणावळणाच्या प्रवाहानेच तेवढे त्याचे समुद्राशी नाते उरले आहे. तेलुगूत उप्पू म्हणजे मीठ आणि एरू म्हणजे ओढा; सरोवराच्या पूर्वायुष्याची खूण या नावात राहिली आहे, असे म्हणता येईल.

याच किनाऱ्यावर अधिक दक्षिणेस पुलिकत आणि उत्तरेस ओडिशात चिल्का ही खारकच्छे अद्याप समुद्राशी जोडलेली आहेत. पुलिकतपुढील वाळूचा बांध म्हणजेच श्रीहरिकोटा बेट होय. चिल्काचे मुख गाळाने बुजू लागल्यामुळे २००० मध्ये माणसाने नवे मुख खोदून दिले. कोल्लेरूचे मुख मात्र निसर्गाने केव्हाच दूर नेऊन ठेवले.

वरंब्यावरची वस्ती

किनारा सरकला तशी माणसेही सरकली. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातील घंटसाल हे आज समुद्रापासून आत असलेले गाव आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलात उल्लेखिलेली कोंटाकोस्सिला ही व्यापारपेठ ती हीच, असे विद्वान मानतात. गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान म्हणजे पैठणच्या सातवाहनांची नाणी येथे सापडली आहेत. ज्या नदीच्या वरच्या काठी त्यांची राजधानी होती, तिच्याच मुखापलीकडे त्यांच्या राज्यातील व्यापार समुद्रास मिळत होता.

त्रिभुज प्रदेशातील खेड्यांची मांडणी पाहिली असता वरंब्यांचे महत्त्व ध्यानात येते. शेजारच्या शेतापेक्षा वरंबा दोन-चार मीटरच उंच असतो. पण जेथे सर्वत्र सपाटी आहे तेथे एवढी उंचीही मोलाची ठरते. घरे, रस्ते, नारळ, काजू व ताड वरंब्यावर, भात सरीत. उंच कोरड्या जमिनीस तेलुगूत मेट्ट आणि सखल जमिनीस पल्लम म्हणतात.

वरंब्याच्या पोटात आणखी एक ठेवा असतो. पावसाचे पाणी वाळूत सहज मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते खाली दडलेल्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा सुमारे चाळिसाव्या हिश्श्याने अधिक आहे. त्यावरून गणित येते ते असे : समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याचा साठा एक मीटर असेल तर खाली तो सुमारे चाळीस मीटर खोल असू शकतो. प्रत्यक्षात अरुंद वरंब्यात ही खोली बरीच कमी भरते. पण नियमाची दुसरी बाजू अशी की, उपसा करून वरची पातळी एक मीटरने उतरविली तर खालून खारे पाणीही तितक्याच पटीने वर येते. किनाऱ्यावरील गोड्या विहिरी एकदा खारावल्या की सहजासहजी सुधारत नाहीत, याचे कारण हेच.

समुद्र खवळतो तेव्हा वरंब्याची किंमत प्राणांत मोजली जाते. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णेच्या मुखाजवळील दिविसीमा भागावर चक्रीवादळ आदळले. त्याबरोबर आलेल्या पाण्याच्या लोंढ्याने सखल भागातील गावेच्या गावे धुऊन नेली आणि १०,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा लोंढ्यापुढे कोणताही वरंबा संपूर्ण अभय देऊ शकत नाही. तथापि उंच वरंबा आणि त्यापुढील खारफुटीचे रान लोंढ्याचा जोर मोडतात. हजारो वर्षांत रचलेली ही तटबंदी उघडी पडल्यास तिची भरपाई दगडी बांधांनी होत नाही.

उलटा हिशेब

जी भूमी गाळाने वाढली ती गाळ थांबताच घटू लागते. ताजा चिखल स्वतःच्या भाराने दबत असतो. दरवर्षीच्या पुराने नवा थर दिला नाही तर जमीन खाली जाते. धवलेश्वरमचा बंधारा आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ मध्ये पुरा झाला आणि त्याने दुष्काळी मुलखाचे भाताचे कोठार केले. विसाव्या शतकात दोन्ही नद्यांवर व त्यांच्या उपनद्यांवर धरणांची मालिकाच उभी राहिली. पैठणचे जायकवाडी, कोयना, भीमेवरील उजनी आणि कृष्णेवरील नागार्जुनसागर ही त्यांतील काही ठळक नावे. धरणांनी शेतीस पाणी दिले, वीज दिली. परंतु पाण्याबरोबर गाळही अडविला.

आंध्र विद्यापीठातील बी. हेमा मालिनी व के. नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९७१ ते १९७९ या काळात गोदावरी दरवर्षी सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ वाहून आणीत होती. १९९० ते १९९८ या काळात हे प्रमाण सुमारे ५ कोटी ७० लाख टनांवर आले. त्याच अभ्यासात १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या समुद्रकाठची सुमारे १८ चौरस किलोमीटर भूमी नाहीशी झाल्याचे दिसून आले. सहा हजार वर्षे पुढे जाणारा किनारा आता मागे वळू लागला आहे. दुसरीकडे समुद्राचा चढ पुन्हा सुरू झाला आहे : १९०१ ते २०१८ या काळात जगातील सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि तिचा वेगही वाढत आहे.

दलदलींचीही हीच अवस्था आहे. कोल्लेरूच्या पात्रात बांध घालून माशांची तळी करण्यात आली आणि सरोवराचा मोठा भाग आक्रसला. १९९९ मध्ये ३०८ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. २००२ मध्ये सरोवरास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमींच्या यादीत स्थान मिळाले आणि २००६ मध्ये शासनाने बेकायदा तळ्यांचे बांध मोठ्या प्रमाणावर फोडले. ज्यांची उपजीविका त्या तळ्यांवर होती त्यांची अडचण खरी होती. आणि सरोवर भरून आले नाही तर पुराचे पाणी भोवतालच्या गावांत शिरते, हेही तितकेच खरे होते. पुराच्या वेळी फुगून पाणी सामावून घेणे व उन्हाळ्यात ते हळूहळू सोडणे हे दलदलीचे काम दुसरे कोणी करू शकत नाही.

वरंबे फोडून वाळू विकणे, खारफुटी तोडून तळी खणणे किंवा धरणांत साचलेल्या गाळाचा विचारच न करणे, या तिन्ही गोष्टी वरवर पाहता वेगवेगळ्या वाटतात. नदीच्या दृष्टीने मात्र त्या एकच आहेत, कारण उगमापासून मुखापर्यंत ती एकच व्यवस्था आहे. नाशिकच्या डोंगरावरून निघालेला मातीचा कण पैठणच्या जलाशयात अडला तर कोनसीमेच्या किनाऱ्यावर तो कमी पडतो. किनाऱ्यावरील वरंबे समुद्राने सहा हजार वर्षांत एकेक करून रचले आहेत. त्यांचे रक्षण करावयाचे तर त्याचा आरंभ किनाऱ्यावर नव्हे, नदीच्या संपूर्ण खोऱ्यात करावा लागेल.